भुरी उतरली

दुपारची भांडी घासून गजराबाईनं ओसरीत पालथी घातली, पदराला हात पुसले, बटणांचा फोन कमरेला खोचला आणि पायात चप्पल सरकवली. सून दीपाली गहू निवडत बसली होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "निघालाव का आत्या?"

"व्हय. ऊन कललंय, आता सुटत्याल."

सुटत्याल म्हणजे विमानं. येरमाळ्याकडून आत वळलं की एक माळ लागतो, तिथलं हे गाव. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाव कळलं की वाचणारे सगळे सुटतात आणि दोष त्या एकट्या गावाच्या माथी बसतो. तर त्या माळावर शिकाऊ वैमानिकांसाठी धावपट्टी केली आहे. पूर्वी तिथं गजराबाईचा नवरा बिरू मेंढरं चारायचा. बिरू गेला, मेंढरं विकली गेली आणि माळाला तारेचं कुंपण पडलं. कुंपणाबाहेरून सडक जाते, ती मात्र सगळ्यांची आहे. त्या सडकेच्या कडेला एका कडुलिंबाखाली गजराबाई रोज बसायची.

आमच्याकडं विमानाला इमान म्हणतात. "म्हातारी इमान बघाया निघाली," असं कुणी म्हटलं की पारावर दुसरा उत्तर द्यायचा, "माणसात राह्यलं न्हाय, मग आभाळातच बघावं लागंल की." चेष्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती.

विमानांना तिनं नावं ठेवली होती. जन्म मेंढरांत गेलेल्या बाईला बिननावाचं काही बघवत नाही. करड्या पंखांची ती भुरी. पांढरीशुभ्र ती ढवळी. आणि उतरताना जे एका चाकावर आधी टेकायचं, ती लंगडी. लंगडी खरं तर विमानाची खोड नव्हती, त्यात बसणाऱ्या एका नवशिक्या पोराची होती. पण ते पोर काही तिच्या ओळखीचं नव्हतं.

लिंबाखाली बसली की ती फोनचं दोनचं बटण दाबून धरायची. ते दीपालीनं लावून दिलं होतं. फोन लागायचा ढोकीला, धाकट्या बहिणीला, मथुराबाईला. मथुराचं एक अंग लकव्यानं गेलेलं. कारखान्याच्या बाजूच्या घरात ती बाजेवर पडून असायची. तोंड वाकडं झाल्यामुळं तिचं बोलणं घरातल्यांनाही धड कळत नसे. गजराबाईला मात्र सगळं कळायचं.

"भुरी उतरली गं. ढवळी सुटली. लंगडी अजून वरच घिरट्या घालायलीय."

"पडंल का?" मथुरा विचारायची.

"पडती कशाची. लई चिवट हाय, तुझ्यासारखी."

मग मथुरा हसायची. दिवसभरात त्या घरात तिचं हसू तेवढंच. फोन कानाशी धरून उभी असलेली तिची सूनही हसायची.

नवरा गेल्यावर आपल्याकडं बाईचं काय काय जातं, याची मोजदाद कुणी करत नाही. हळदी-कुंकवाचं बोलावणं जातं, लग्नघरातली पुढची जागा जाते, हे दिसतं तरी. न दिसणारी गोष्ट अशी की तिला काय आवडतं हे विचारायचंच लोक सोडून देतात. बिरू गेल्यापासून गजराबाईला कुणी ते विचारलं नव्हतं. ही विमानं तिची तिनं शोधलेली होती.

लोक बोलायचेच. "रांडमुंड बाई, सडकंला बसून फोनवर हसती," हे बालाजीच्या कानावर आलं होतं. बालाजी तिचा मुलगा, तालुक्याच्या एका कॉलेजात शिपाई. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. तो आईला म्हणायचा, "आई, देवळात बसत जा की. तिथं कुणी काय म्हणत न्हाय."

"देवळात बी बसते. देवाला बघितलं तरी चालतंय, इमानाला कामून न्हाय?" असं म्हणून ती जायची.

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. सगळीकडं सावध राहण्याचे हुकूम निघाले, आणि आमच्या माळावरही जादा रखवालदार आले. राखण व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुंपणाशी रोज बसणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारले तर त्यात वावगं काही नाही. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

उत्कर्ष नावाचा एक नवा रखवालदार कुंपणाच्या आतून चालत होता. बाहेर लिंबाखाली एक म्हातारी फोनवर बोलताना त्यानं ऐकली. "भुरी उतरली. आज तीनच सुटल्या. एक आतच ठिवलीय, झाकून." पोरगं लातूरकडच्या शहरात वाढलेलं. मेंढरांची नावं त्याच्या कानाला कुठली असायला? त्याला वाटलं, ही सांकेतिक भाषा. त्यानं वर कळवलं, आणि अर्ध्या तासात सडकेवर पोलिसांची जीप आली. गावातली माणसं बघत असतानाच गजराबाईला मागच्या बाकड्यावर बसवून नेलं.

ठाण्यात फौजदारांनी दमदाटी केली नाही, तेही सांगितलं पाहिजे. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं.

"भुरी कोण?"

"करडं इमान हाय ना साहेब, ते. आमच्या मेंढीचं नाव हुतं."

"ही माहिती कुणाला देता?"

"माझ्या भैनीला. ढोकीला पडून असती ती. लकवा झालाय."

"तिला काय करायचंय विमानांचं?"

"ऐकती."

"आणि तुम्ही कशासाठी बघता?"

गजराबाईला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, "उगंच."

"उगंच म्हणजे? रोज एवढ्या उन्हात माणूस उगंच येतं का? कुणी सांगितलं का बघायला?"

"न्हाय साहेब. चांगलं वाटतंय. उगंच."

फौजदारांनी बाजूच्या हवालदाराकडं बघितलं. हवालदार हसला. शहरातला एखादा साहेब दुर्बीण घेऊन तिथं उभा असता, तर त्याला छंद म्हणाले असते. लुगड्यातल्या म्हातारीनं सांगितलेलं मात्र पटेना. कष्टकऱ्याच्या बाईनं, त्यातून विधवेनं, काहीतरी कारणाशिवाय, नुसतं बरं वाटतं म्हणून करावं, हे आपल्या डोक्यातच बसत नाही. माझं भांडण आहे ते इथं. विचारा, जरूर विचारा. पण उत्तर दिल्यावर ते उत्तर मानायची तयारी ठेवा.

दिवेलागणीच्या आत तिला सोडलं. बालाजी बोलावल्याबरोबर धावत आला होता आणि आल्यापासून हात जोडून उभा होता. फौजदार म्हणाले, "फोन राहू द्या, बघून देतो. आणि आजी, तिकडं परत दिसू नका." बालाजीनंच परस्पर सांगून टाकलं, "न्हाय दिसणार साहेब. माझी जबाबदारी."

घरी उंबऱ्यात आल्यावर बालाजी म्हणाला, "आपल्या घराण्यात कुणी ठाण्याची पायरी चढलं नव्हतं आई."

"म्या चढले न्हाय, मला चढवलं," गजराबाई म्हणाली.

"लोकाला त्यातला फरक कळतो व्हय? उद्या कॉलेजात कुणी इचारलं तर काय सांगू? नाव गेलंय आपलं तिथल्या वहीत."

नाव गेलंय. त्या घरात पुढं कितीतरी दिवस हेच दोन शब्द पहारा देत होते. त्याच रात्री ढोकीहून मथुराच्या मुलाचा, श्रीनाथचा, बालाजीला फोन आला. पोलिसांनी त्यालाही विचारलं होतं, हा नंबर कुणाचा, ही बाई कोण. तो हादरला होता. "दादा, मावशीला म्हणावं थोडे दिवस फोन करू नका. आमचं बी नाव जाईल." मथुराच्या उशाचा फोन त्यानं कपाटात टाकला.

दीपाली म्हणाली, "माझ्या फोनवरनं बोलत्याल आत्या. त्याला काय हुतंय?"

"कान ठिवला असंल आपल्या फोनवर," बालाजी म्हणाला. "तू गप बस."

"मग ढोकीला न्हेऊन तरी आणा त्यांना."

"आत्ताच नको. जरा थंड होऊ दे."

थंड काही झालं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. दुपारी विमानं सुटायची तेव्हा गजराबाई आतल्या खोलीत जाऊन काहीतरी निवडत बसायची. घरावरून एखादं अगदी खालून गेलं की हात थांबायचे. गावात तर बोलणारे भरपूर होते. पाण्याच्या टाकीपाशी बायका ती आली की बोलणं थांबवायच्या. "पोलिसांनी उगंच न्हेलंय व्हय, काहीतरी असंल," असं म्हणायच्या. म्हणजे पोलिसांचं उगंच कुणाला मान्य नव्हतं, आणि म्हातारीचंही नाही.

भादव्यात एका सकाळी श्रीनाथचा फोन आला. मथुरा गेली होती.

बालाजीनं भाड्याची गाडी केली आणि आईला ढोकीला नेलं. मथुरा बाजेवरून खाली जमिनीवर घेतलेली होती. वाकडं तोंड मरणानं जरा सरळ केलं होतं. गजराबाई तिच्या अंगावरून हात फिरवत राहिली. शेजारी मथुराची सून रडत होती, आणि रडता रडताच तिनं सांगून टाकलं.

"मावशी, रोज कलत्या उन्हाला आत्या फोनकडं हात करायच्या. आमी सांगायचो, मावशीचा फोन बिघडलाय. पुढं पुढं त्येस्नी पटंना. म्हणायच्या, गजरा रुसली माझ्यावर. परवा बी म्हणल्या, गजराला इचार, म्या काय वावगं बोलले का."

श्रीनाथनं बायकोकडं डोळे वटारून बघितलं. पण बोललेलं परत घेता येत नाही. गजराबाईनं बहिणीच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. काय सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही. माती झाली, माणसं पांगली.

दहावं उरकल्यावर एका सकाळी गजराबाई धुतलेलं लुगडं नेसून दारात आली. म्हणाली, "दीपाली, चल. फोन आणायचा."

बालाजी कामावर निघाला होता. तो दारातच आडवा उभा राहिला. "आई, आता कशाला? मावशी तर गेली. कशाला परत ती पायरी?"

"मथुराच्या मातीला न्हेलंस बाबा," ती म्हणाली. "बोलायला न्हेलं न्हाईस. सर बाजूला."

तो सरला. दोघी एसटीनं गेल्या. बाजाराचा दिवस होता, अर्धं गाव तालुक्याला आलेलं. सगळ्यांच्या देखत गजराबाई पोलीस ठाण्यात शिरली, या खेपेला आपल्या पायांनी.

फौजदारांनी तिला ओळखलं. "या या, भुरीच्या आजी," असं म्हणून त्यांनी खण उघडला आणि फोन टेबलावर ठेवला. "हा तर कवाच न्यायचा. दुसऱ्याच दिवशी बघून झाला हुता."

दीपाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती म्हणाली, "साहेब, आत्यांचं नाव तेवढं काढून टाका. घरात लई धास्ती हाय."

"कसलं नाव?"

"इथं गेलेलं नाव."

फौजदारांना खरंच समजेना. "अहो बाई, गुन्हा न्हाय, तक्रार न्हाय, नाव कशाला लिहितोय आम्ही? कुठंच काही न्हाय. ढोकीला एकदा फोन करून खात्री केली, संपलं."

"मग तसं कळवलं कामून न्हाय?" दीपालीचा आवाज चढला नव्हता, पण तो तिचा नेहमीचाही नव्हता.

"इचारायला तरी कोण आलं?" फौजदार म्हणाले. आणि मग, वातावरण हलकं करावं म्हणून, हसून गजराबाईला म्हणाले, "जाऊ द्या. फोन मिळाला ना? आता लावा बहिणीला. आमचा बी नमस्कार सांगा."

"ती गेली," गजराबाई म्हणाली.

फौजदारांचं हसू तोंडावरच राहिलं. ते उठून उभे राहिले, काहीतरी म्हणणार होते, पण गजराबाईनं त्यांना थांबवलं.

"साहेब, म्या आजपासून जाणार. त्या लिंबाखाली. कुंपणाला हात लावायची न्हाय, आत कवा गेले न्हाय आणि जायची बी न्हाय. तुमी इचारा, कवा बी येऊन इचारा. पर तिकडं दिसू नको म्हणू नका. आता ते ऐकायची न्हाय मी."

"न्हाय म्हणणार, आजी," फौजदार हळूच म्हणाले. चार महिन्यांपूर्वी एवढंच म्हणायला त्यांना काही अडचण नव्हती.

त्या बाहेर आल्या तेव्हा रस्त्याच्या पलीकडं पानटपरीच्या आडोशाला बालाजी उभा होता. कामावर गेला नव्हता. ठाण्याच्या दारापर्यंत येणंही त्याला जमलं नव्हतं. दोघी जवळ गेल्यावर त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "काढलं का नाव?"

"नव्हतंच," दीपाली म्हणाली. "कवाच नव्हतं. कुणी लिवलंच न्हाय."

बालाजी टपरीच्या फळीला टेकला. त्याच्याकडं बघून गजराबाईला राग यायला हवा होता, पण पोटचं पोर होतं, तिला त्याची कीवच आली. तिनं त्याच्या खिशातल्या फोनकडं बोट केलं.

"श्रीनाथला लाव. त्याला बी सांग."

बालाजीनं आपला फोन काढला, नंबर लावला, कानाशी धरला. पलीकडून श्रीनाथ "बोला दादा, बोला" म्हणत राहिला. त्याला काय म्हणून सांगायचं, ते बालाजीला सुचेना. वाचकहो, तुम्हाला सुचत असेल तर सांगा.