मागची सीट काढून आणा

दातांच्या डॉक्टरांना आपल्या मोटरसायकल चालवण्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. शंका फक्त बायकोला होती. आणि मागे बसणाऱ्या माणसाला रस्त्यातलं काय कळतं, असा डॉक्टरांचा रोखठोक सवाल होता. मागच्या महिन्यात फर्निचरच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या एका कारचं दार अचानक उघडलं. डॉक्टरांनी पुढचा ब्रेक मुठीत आवळला, चाक घसरलं आणि बायको रस्त्यावर. कोपर चांगलं सोलून निघालं. डॉक्टरांनी जागच्या जागी निकाल देऊन टाकला: दोष रस्त्यावरच्या वाळूचा, टायरचा, दार उघडणाऱ्याचा आणि थोडा बायकोचाही, कारण ती ऐन वेळी हलली. एकटे डॉक्टर तेवढे निर्दोष सुटले.

"आधी नीट शिकून या, मग बसेन," बायको म्हणाली.

"शिकून? मी कॉलेजपासून चालवतोय!"

"तेच तर. तेव्हापासून कुणी काही बोललंच नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवसापासून ती बसने शाळेत जायला-यायला लागली. ती गणित शिकवायची. त्याआधी रोज संध्याकाळी डॉक्टर तिला शाळेतून घ्यायचे आणि घर येईपर्यंत ती मागून बोलत राहायची. कुठल्या वर्गाने आज डोकं खाल्लं, मुख्याध्यापिकेने कुणाला झापलं, असं काहीबाही. दिवसभर डॉक्टरांचा संबंध यायचा तो बोळे कोंबलेल्या तोंडांशी. त्यांच्याशी खरं बोलणारं माणूस त्या एका सीटवरच बसायचं. आता सीट रिकामी होती आणि त्यांना ते फार लागत होतं. अर्थात हे बायकोला सांगितलं असतं तर मान खाली गेली असती, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्याऐवजी ते कोर्स शोधायला लागले.

सल्ला द्यायला मेहुणा हजर होताच. मेहुण्याची मोटरसायकल डॉक्टरांच्या गाडीपेक्षा दुप्पट मोठी होती आणि बहुतेक वेळा फक्त धुण्यासाठी बाहेर निघायची. "दाजी, रेसट्रॅकचा कोर्स लावा. बाकी सगळा पोरखेळ," असं म्हणून त्याने एक माहितीपत्रक आणून दिलं. त्यावर चामड्याचा सूट घातलेला एक इसम वळणावर गुडघा जमिनीला घासत चालला होता. डॉक्टरांनी ते दवाखान्यातल्या ट्रेवर, चिमट्यांच्या शेजारी ठेवलं. खुर्चीतल्या पेशंटला विचारलं, "ट्रॅकवर शिकलं की साधा रस्ता म्हणजे काहीच नाही, बरोबर ना?" तोंडात बोळा, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं असलेला पेशंट म्हणाला, "आँ." एवढा भक्कम पाठिंबा मिळाल्यावर डॉक्टरांनी फोन लावला.

"मागची सीट काढून आणा," ट्रॅकवाल्याने सांगितलं. "आरसेही काढा. ट्रॅकवर मागे बघायचं नसतं."

बायकोने जेवताना हे ऐकून घेतलं. "म्हणजे मागे मी नको आणि मागचं काही दिसायलाही नको. तुमच्यासाठीच काढलाय हो हा कोर्स."

दुसरा कोर्स एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात चालायचा. तिथे वेळेवर ब्रेक लावणं, चालण्याच्या वेगाने वळणं आणि कुठल्या कारचं दार उघडेल याचा अंदाज घेणं शिकवत. प्रशिक्षक बाईंनी फोनवर पहिलंच विचारलं, "तुमच्या मागे कोण बसतं?"

"बायको. म्हणजे बसायची."

"मग त्यांनाही आणा."

मेहुणा पोट धरून हसला. "दाजी, थांबायला शिकायला कोर्स?" डॉक्टरांनाही ते पटत होतं. पण ट्रॅकवर बायकोला जागा नव्हती, आणि अख्खी खटपट तिच्यासाठी चालली होती. अखेर तोंड वाकडं करून त्यांनी दुसऱ्या कोर्समध्ये नाव घातलं. बायको एका दिवसापुरती बसायला कबूल झाली.

रविवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना गोळा केलं. "आज काही शिकवणार नाही. रोज चालवता तसंच चालवा. मागच्यांनी भीती वाटली की खांदा दाबायचा. पुढच्यांनी ते लक्षात ठेवायचं. मी माझ्या गाडीवरून मागोमाग येते."

फाटकातून बाहेर पडताच डॉक्टरांचा खांदा दाबला गेला. ते दचकले. पण आजूबाजूला घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मग भीती कसली? महिनाभराने बसली आहे, माया दाटून आली असणार. पुढे बसच्या मागे पुन्हा खांदा दाबला, चौकात दाबला, उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना तर हात सुटेचना. डॉक्टर हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्या भरात त्यांनी एका ट्रकला असं काही मागे टाकलं की खांद्यात नखंच रुतली. डॉक्टर विरघळले.

परत आल्यावर बाईंनी विचारलं, "किती वेळा दाबला?"

"भीतीने? एकदाही नाही," डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. "तसा प्रेमाने बऱ्याचदा."

कुणी हसलं नाही. बायको आपल्या उजव्या हाताची बोटं चोळत होती.

"ट्रकपाशी मी दोन्ही हातांनी दाबला हो," ती म्हणाली. "जीव खाऊन."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर डॉक्टरांनी उत्तर दिलं असतं. खापर फोडायला त्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. वाळू नव्हती, टायर नवा होता, दार कुणी उघडलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

"पुन्हा तोच रस्ता," बाई म्हणाल्या. "आता खांदा दाबला की हळू व्हायचं, कडेला घ्यायचं, थांबायचं. पहिला धडा एवढाच."

बायको क्षणभर उभी राहिली आणि मग बसली. डॉक्टरांनी गाडी बाहेर काढली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता, साधी सायकलसुद्धा दिसत नव्हती. तेवढ्यात खांदा दाबला गेला. आता इथे काय मेलं घाबरण्यासारखं, हे वाक्य डॉक्टरांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, पाय टेकला, इंजिन बंद केलं.

"काय झालं?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "तुम्ही थांबता का, ते बघितलं."