वर्षाचा पाय

नोमिकोसने बॅग उंबऱ्यापासून चांगली चार हात लांब ठेवली, टोपी काढून काखेत धरली आणि दाराला हात न लावता गल्लीतूनच हाक मारली.

“मारूसो! अगं, मी आलोय.”

आत पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला, मग काठीचा. निळ्या दाराशेजारची खिडकी उघडली आणि त्याच्या थोरल्या बहिणीने डोकं बाहेर काढलं. डोक्याला काळा रुमाल, मनगटापर्यंत पीठ.

“तू? आज?”

“आजच.”

“परवा पोचणार होतास ना?”

“ते वाऱ्याला विचार. दोन दिवस पिरेयसच्या धक्क्यावर बसवून ठेवलं आम्हाला. काल संध्याकाळी बोटी सोडल्या. नवं वर्ष भरसमुद्रातच लागलं. कप्तानाने भोंगा वाजवला आणि एका ट्रकवाल्याने माझे मुके घेतले. कोण होता देव जाणे.”

मारूसो हसली नाही. तिने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं.

“कुणी येऊन गेलं का घरात?” नोमिकोसने विचारलं.

“अजून नाही.”

“मग मी इथेच थांबतो.”

“थांब,” ती म्हणाली.

निदान एकदा तरी ती ‘ये’ म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तो गेला नसता, पण तिने म्हणायला हवं होतं. समोरच्या बुटक्या भिंतीवरची ओल त्याने टोपीने पुसली आणि तिथे टेकला. चुन्याने रंगवलेल्या गल्लीतून वारा सुसाट येत होता. नव्या वर्षाच्या शुभशकुनासाठी दारावर टांगलेला रानकांद्याचा गड्डा त्याबरोबर हलत होता. जमिनीतून उपटून महिना झाला तरी त्याची पानं हिरवीगार होती.

आमच्या बेटावर पहिल्या जानेवारीला घरात बाहेरून जो पहिला येतो, त्याच्या पायाने ते वर्ष जातं. म्हणून लोक पाय निवडून बोलावतात. शक्यतो लहान मूल, नाहीतर ज्याचं बरं चाललं आहे असा माणूस. त्याने उजवा पाय आधी टाकायचा आणि मग उंबऱ्याच्या आत डाळिंब फोडायचं. दाणे जितके लांब उडतील तितकं बरं. अथेन्सला शिकून आलेली माणसं या सगळ्याला हसतात, आणि हसता हसता आपल्या दारात कोण येतंय ते खिडकीतून बघून घेतात. ज्याला कुणीच नाही तो बाहेर जाऊन स्वतःच स्वतःच्या घरात शिरतो. तसं करायलाही हरकत नाही, पण करत कुणी नाही. आपल्याला माणूस उरलं नाही हे गावाला ओरडून कशाला सांगायचं?

एके काळी लांगादा गावात नोमिकोसच्या पायाला फार मागणी होती. तो बेकरीवाल्याकडे गेला त्या वर्षी त्यांना लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मूल झालं. तो शाळेच्या शेजारच्या घरी गेला तर त्यांचा कोर्टातला दावा निकाली लागला. पहिल्या जानेवारीला तो सकाळपासून ज्या घरी बोलावणं असेल तिथे हजर होई, आणि दुपारपर्यंत मध घातलेल्या गरम राकी दारूने त्याचे डोळे लाल होत. मग एका वर्षी तो बहिणीकडे पहिला गेला. त्याच मार्चमध्ये तिचा नवरा स्तामातिस अडकलेल्या शेळीला सोडवायला कड्यावरून खाली उतरला आणि खालीच राहिला. नोमिकोसला कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. फक्त पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. हिवाळ्यातला पाऊस संपल्यावर तो पिरेयसला गेला आणि बोटीवर आचारी म्हणून लागला. बेटावर तो उन्हाळ्यात येई, ईस्टरला येई. नव्या वर्षाला मात्र इतक्या वर्षांत कधी आला नव्हता.

या खेपेला यावंच लागलं. मारूसोच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि पुढच्या आठवड्यात अथेन्सला तिचं ऑपरेशन होतं. तिला घेऊन जायला दुसरं कुणी नव्हतं. सणही तिला एकटीला काढायला लागू नये म्हणून नोमिकोसने मुद्दाम वर्ष संपायच्या आधीची बोट धरली होती. आधी पोचलं की आपण घरातलेच, पाहुणे नव्हे, आणि मग पायाचा प्रश्न येत नाही. हा हिशेब त्याने कुणाला सांगितला नव्हता.

“काय रे नोमिकोस, आत जायला तिकीट लागतं का?”

समोरच्या गच्चीवरून एव्दोकिया वाकून बघत होती. तिच्या हातात धुण्याची बादली होती. सणाच्या दिवशी धुणं कुणी वाळत घालत नाही, पण बघायला उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं.

“तुझ्या नातीची वाट बघतोय,” तो म्हणाला. मारूसोकडे दर वर्षी एव्दोकियाची नात पहिली जायची.

“मग बस उन्हाळ्यापर्यंत. पोरीला कांजिण्या आल्यात. तिचा पाय घातलात तर वर्षभर दोघं अंग खाजवत बसाल.”

“मग तू ये.”

एव्दोकियाने बादली खाली ठेवली. तिचा आवाज जरा उतरला.

“मी नाही बाबा. एरवी आले असते. पण हे वर्ष... उद्या काही कमीजास्त झालं तर सगळे माझ्याच पायाकडे बघतील. तुला तर माहितीये.”

“मला माहितीये,” नोमिकोस म्हणाला.

खिडकीतून मारूसोने सगळं ऐकलं असणार, कारण तिचं पीठ मळणं थांबलं होतं. थोड्या वेळाने तिने खिडकीतून कॉफीचा कप बाहेर धरला. नोमिकोस उठला, हात लांब करून कप घेतला आणि परत भिंतीवर जाऊन बसला. कप घेताना त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. नखं निळसर झाली होती.

“औषधं घेतेस ना?”

“घेते.”

“जिने चढत नाहीस ना?”

“घरात जिना आहे कुठे? मूर्खासारखं काहीतरी विचारतोस.”

गल्लीच्या वरच्या टोकाकडून लेफ्तेरिस येताना दिसला. चांगला धडधाकट माणूस. मुलगा जहाजावर अधिकारी, सून गुणी, नव्या घराचा पाया नुकताच घातलेला. असा पाय मिळाला तर कुणालाही आवडेल. नोमिकोस उभा राहिला.

“लेफ्तेरिस, वर्ष चांगलं जाऊ दे! दोन मिनिटं मारूसोकडे डोकावतोस का? डाळिंब तयार आहे.”

लेफ्तेरिस थबकला. त्याने बंद दाराकडे पाहिलं, मग खिडकीतल्या मारूसोकडे, मग बुटांकडे.

“आलो असतो रे. पण शेळ्यांचं दूध काढायचं राहिलंय. उशीर होतोय. मारूसो, सगळं नीट होईल बघ, देव आहे!” असं म्हणत तो कडेकडेने पुढे निघूनही गेला.

“याने शेळ्या कधी घेतल्या?” नोमिकोसने विचारलं.

“विकल्या. दोन वर्षं झाली,” मारूसो म्हणाली.

यावर दोघंही हसली. हसताना मारूसोला धाप लागली आणि तिने खिडकीची चौकट धरली. नोमिकोस चटकन पुढे झाला, दारापर्यंत आला, आणि तिथेच थांबला. हात कडीच्या दिशेने गेलेला त्याने खाली घेतला.

“मी देवळात जाऊन बसतो,” तो म्हणाला. “प्रार्थना सुटल्यावर कुणाला तरी गाठून पाठवतो. परका कुणी मिळाला तर बरंच, त्याला काही माहीत नसेल.”

“कुठे जाऊ नकोस. बस तिथेच.”

“थंडीत?”

“थंडीत.”

तो बसला नाही. कप भिंतीवर ठेवून तो खिडकीसमोर उभा राहिला. इतकी वर्षं जे तोंडाशी येऊन परत जात होतं, ते आता थंडीमुळे म्हणा की जागरणामुळे म्हणा, बाहेर पडलं.

“एकदा सांगून टाक मारूसो. स्तामातिस माझ्या पायाने गेला असं वाटतं ना तुला?”

गच्चीवर एव्दोकियाची बादली वाजली नाही, म्हणजे तीही ऐकत होती. मारूसोने पिठाचे हात फडक्याला पुसले. एकेक बोट पुसलं.

“कॉफी निवतेय तुझी,” ती म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

 नोमिकोसने टोपी डोक्यावर ओढली. त्याला राग आला नव्हता. उत्तर मिळालं होतं. त्याने बॅग उचलली. बंदरावर एक खोली मिळेल, चार दिवस तिथे काढता येतील, निघायच्या दिवशी तिला गाडीत घालून बोटीवर न्यायचं. दवाखान्यात उंबरे नसतात.

एवढ्यात मागे अडसर सरकला.

मारूसो बाहेर येत होती. पीठ लागलेला एप्रन काढून तिने स्तामातिसचा जुना जाड कोट अंगावर चढवला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डाळिंब. शरद ऋतूपासून खुंटीला टांगून सुकलेलं, कातडीसारख्या सालीचं. तिने दार ओढून घेतलं आणि नोमिकोसकडे न बघता गल्लीच्या वरच्या बाजूला चालू लागली.

“कुठे निघालीस? धाप लागेल. मारूसो!”

ती थांबली नाही. कोपऱ्यावर नळ आहे तिथपर्यंत गेली, नळाला धरून श्वास घेतला, आणि मागे फिरली. आता तिचं तोंड घराकडे होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

“अगं, असं करू नकोस,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “भाऊ दारात उभा असताना? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा मी जातो ना बंदरावर.”

“बाजूला हो.”

तो बाजूला झाला. मारूसोने काठीने दार ढकललं आणि उजवा पाय आत टाकला.

“चांगलं आत,” ती म्हणाली. मग एक पाऊल मागे घेतलं. “वाईट बाहेर.”

हे तीनदा करायचं असतं. तिसऱ्यांदा आत जाताना तिला चौकटीला टेकावं लागलं. मग तिने डाळिंब डोक्यावर उचललं आणि जमिनीवर आपटलं, पण हातात जोर नव्हता. डाळिंब फुटलं नाही. फरशीवर दोनदा उडालं, उंबऱ्यावर आपटलं आणि घरंगळत बाहेर येऊन नोमिकोसच्या बुटाला लागलं.

गच्चीवर एव्दोकियाने छातीवर क्रूस काढला.

नोमिकोसने बॅग खाली ठेवून डाळिंब उचललं. ते हातात धरून तो बाहेर उभा राहिला, आत मारूसो दाराला पाठ टेकून श्वास जुळवत राहिली.

“आता वर्षाचा पाय माझा,” ती म्हणाली. एकेका शब्दाला श्वास घेत होती. “पुढच्या आठवड्यात जे होईल ते माझ्या पायाने होईल. बरं झालं तरी, आणि नाही झालं तरी. तुला कुणी काही विचारायचं नाही. तूही स्वतःला विचारायचं नाही.”

 नोमिकोस डाळिंबाची साल अंगठ्याने घासत राहिला.

“आणि स्तामातिस शेळीपायी गेला. मी नको म्हणत होते, ऐकलं नाही. गाढव होता,” मारूसो म्हणाली. “हे मी तेव्हाच गावाला ओरडून सांगायला हवं होतं. मी रडत बसले, आणि तोवर तू निघून गेलास.”

तिने कोटाच्या बाहीने नाक पुसलं.

“फोड आता ते. माझ्याच्याने होत नाही. तुझ्या हाताबद्दल तर कुणी काही म्हणत नाही ना?”

नोमिकोसने बाहेरूनच हात मागे नेला आणि पूर्ण ताकदीने डाळिंब आत फेकलं. ते मधल्या खोलीच्या फरशीवर फुटलं. दाणे पलंगाखाली गेले, चुलीपाशी गेले, स्तामातिसच्या फोटोच्या काचेवर एक लाल थेंब उडाला.

“शाबास,” मारूसो म्हणाली. “आता हे पुसणार कोण? ये आत. पाव भट्टीत घालायचाय.”

त्याने बॅग घेतली. डोळे भरून आले होते, समोरची पायरी नीट दिसत नव्हती, आणि आत जाताना कोणता पाय आधी पडला ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. एव्दोकियाने मात्र वरून नीट पाहिलं. तिने बादली उचलली, आत गेली, आणि कधी नव्हे ते कुणाला काही सांगितलं नाही.