कोनाड्यातली बाटली

कामिनी केळीच्या खांबापासून बॅटरी बनवते, असं तिच्या वडिलांनी, चुनीलालआबांनी, तापीकाठच्या त्या गावात कधीचंच सांगून टाकलं होतं. लोक समोर मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. घड उतरल्यावर जो खांब बांधावर सडतो, त्यातून वीज कुठली निघायची? खरं तर कामिनी जळगावला केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती. खांब वाळवायचा, हवा न लागू देता भट्टीत जाळायचा आणि त्या कोळशाची पूड बॅटरीत घालून ती किती वीज धरते ते बघायचं. खांब अर्थातच घरच्या शेतातले.

पण पूड काही केल्या वीज धरेना. धरली तर टिकवेना. मग एका खेपेला, कशी कोण जाणे, अशी जमली की तिच्या गाईड मॅडमसुद्धा खुर्चीतून उठल्या. तशी पुन्हा मात्र जमली नाही. जी होती ती एका बाटलीत, आणि ती आता सुरतेच्या लॅबमध्ये मोठ्या यंत्रावर तपासायची होती. तिथे खरी उतरली तर प्रबंध पुरा, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

सुरतेला जाताना ती एका रात्रीपुरती घरी उतरली. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आबा एकटेच होते. बॅगेत फुटायला नको म्हणून तिने बाटली काढून मोरीवरच्या कोनाड्यात ठेवली. या घरात जपायची वस्तू ठेवायची ती तिथेच. पोरगी एवढी शिकलेली, पण आई त्याच कोनाड्यात आबांची राखुंडी ठेवायची, हे तिच्या ध्यानातून साफ गेलं. आई, म्हणजे शांतीबाई, राखुंडी घरीच करायची. केळीची वाळलेली सालं जाळायची, कुटायची आणि त्यात मीठ-लवंग घालायची. ती गेल्यापासून आबा नुसत्या मिठाने दात घासत होते आणि टूथपेस्टचं नाव काढलं की तोंड फिरवत होते.

सकाळी कामिनी चहा घेऊन बाहेर आली, तर आबा ओट्यावर बसलेले. ओठ काळे, हनुवटी काळी, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हातात उघडी बाटली.

"एकदम तुन्ही मायनागत करी तू," आबा म्हणाले. "मीठ मातर तू इसरी गई. ते मी टाकं, लवंग बी कुटी टाकी."

बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती, पण त्याचा उपयोग शून्य. मीठ-लवंग पडलेल्या पुडीची तपासणी करणं म्हणजे दुधात लिंबू पिळून बासुंदीला बसणं. कामिनीला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण आई गेल्यापासून हा माणूस पहिल्यांदा असा तोंडभर हसत होता, आणि त्या हसण्यावर तिचा फार जीव होता.

"हां आबा," ती म्हणाली. "तुमनाकरताच आणी."

मग चहा तसाच ठेवून ती गोठ्यामागे गेली आणि मॅडमना फोन लावला. आबा आंघोळीला गेलेत असं तिला वाटलं. नमुना गेला, चूक माझीच, मी नको तिथे ठेवला, असं ती शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत सांगत राहिली. मॅडम म्हणाल्या, परत ये, पुन्हा करू; जमेल की नाही ते मात्र मी सांगू शकत नाही. आत आल्यावर कामिनीने आबांना एवढंच सांगितलं की सुरतेचं काम लांबलं, जळगावलाच परत जाते. आबा हं म्हणाले आणि कोयता घेऊन शेतात निघून गेले.

दुपारी ती फाट्यावर पोचली तेव्हा आबा तिथे आधीच उभे होते. पायाशी गोणी, गोणीत केळीच्या खांबाच्या चिरलेल्या पट्ट्या, अजून ओल्या. तोंड घासूनघासून धुतलेलं होतं, तरी दातांच्या फटींत काळं राहिलं होतं.

"तू फोनवर बोली ऱ्हायनी व्हती, ते मी आयकं," ते खाली बघत म्हणाले. "या टाइमले मीठ नही टाकनार मी." आणि बंडीच्या खिशातून धडप्यात गुंडाळलेली ती बाटली काढून त्यांनी पुढे धरली. "हाई ली जाय. मन्हा तोंडले नही शोभत."

कामिनीने बाटली घेतली नाही. आबांची बोटं बाटलीवर नीट मिटवली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आबा. हाई तुमनाकरताच आणी."

सकाळी हेच बोलणं खोटं होतं, आता नव्हतं. आबांनी बाटली परत खिशात ठेवली आणि बस थांबल्यावर गोणी स्वतः उचलून आत चढवली.