हर्डीकरांचं सूत्र

हर्डीकर सरांचं व्याख्यान आमच्याच कॉलेजात ठरलं, तेव्हा मला कोण आनंद झाला! तंजावूरला या माणसाची मी तीन वर्षं वाट पाहत होते. हार घालायला नव्हे.

१९९४ पर्यंत मी पुण्यात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. प्रखर लेसरचा क्षणभराचा झोत प्लाझ्मात सोडला की त्याच्यामागे लाट उठते, होडीमागे उठते तशी. त्या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार झाला की इवल्याशा अंतरात प्रचंड ऊर्जा घेतो. ती किती, याचं सूत्र मी दोन वर्षं राबून काढलं. "बघतो" म्हणून सरांनी माझ्या वहीची झेरॉक्स ठेवून घेतली. इकडे माझे वडील, अप्पा, आजारी पडले, मी तंजावूरला घरी आले, आणि सहा महिन्यांत सूत्र छापून आलं. नाव एकट्या सरांचं. माझ्या पत्रांना उत्तर नाही. मी नुसती जळत राहिले आणि इथे पोरांना भिंगं शिकवत बसले.

पण एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली होती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेले मराठी लोक; आमच्या घरी मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ अक्षरांत. माझी टिपणंही तशीच. सरांनी समीकरणं तेवढी उचलली. कडेचा मजकूर तमिळ समजून सोडून दिला.

व्याख्यानात त्यांनी त्याच सूत्राने, तीस सेंटीमीटरांत इलेक्ट्रॉन किती ऊर्जा घेईल, याचा हिशेब फळ्यावर मांडला. टाळ्या पडल्या. मी उठले आणि वहीतलं कडेचं टिपण मोठ्याने वाचलं. "लाट उठवतां उठवतां लेसर थकतो. हें सूत्र तीन सेंटीमीटरांपर्यंतच खरें."

तमिळ श्रोते माझ्याकडे बघत राहिले. सरांना मात्र शब्दन् शब्द कळला. तोंड पांढरंफटक पडलं. मग मी तेच इंग्रजीत, फळ्यावर आकडे मांडून, सावकाश सिद्ध केलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कॉफीच्या वेळी त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "कमलाक्षी, दुरुस्ती दोघांच्या नावाने छापू. सूत्र तुझं होतं, असंही लिहितो."

तीन वर्षांपूर्वी एवढं ऐकायला मी काहीही दिलं असतं.

"नको, सर. सूत्र आतां तुमचेंच असूं द्या. त्यांतली चूक मी मागल्या महिन्यांतच छापायला पाठविली."

"माझं नाव घालून?"

"मथळ्यांतच."