दोघींचा दमा

“बाई, तुमी बसा. झेंडू मी तोडतो,” म्हणत साधना टोपली कमरेवर घेऊन सरीत शिरलीसुद्धा.

दीपमाला बांधावर बसली. धाकटी जाऊ वाकून फुलं तोडत होती आणि वर गातही होती. इतका श्वास हिच्या छातीत येतो कुठून?

दर्यापूरच्या त्या माळ्याच्या घरात दोघी जावांना दमा. डॉक्टर एक, तोंडात ओढायचा पंपही दोघींना सारखाच दिलेला. साधना महिन्याभरात सुधारली. दीपमाला मात्र अजूनही भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. खोकून खोकून पिवळा, घट्ट बेडका पडायचा.

सासू केशरबाई म्हणायची, “पंप बराबर ओढत नशीन तू. साधनाले कसा गुण आला मंग?”

त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. साधनाचा पंप कोनाड्यात होता. ‘गोड बोलते ना, तिले चांगला देला असन डॉक्टरनं.’ दीपमालानं तो उचलला आणि आपला तिथं ठेवला.

आठवडा गेला. दीपमालाच्या छातीतली घरघर तशीच राहिली. आणि दीपमालाच्या पंपावरही साधना गातच होती.

मग एका सकाळी हार ओवताना दीपमालाचे ओठ निळे पडले. नवऱ्यानं, श्रावणनं, गाडी करून तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर साधना तिला छातीशी धरून बसली होती. साधनाचा संथ श्वास दीपमालाच्या पाठीला लागत होता. जीव जायची वेळ, तरी तिला त्या श्वासाचा हेवा वाटला.

चार दिवसांनी ती बोलण्यासारखी झाली. तोवर बेडक्याचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरीणबाई खाटेवर टेकल्या.

“तुमच्या श्वासनळीत जंतू ठाण मांडून बसलेत. हा टीबी नाही, घरात कोणाला लागायचाही नाही. पण या जंतूंमुळं येणारी सूज वेगळी असते, ती नुसत्या पंपानं उतरत नाही. पंप चालूच ठेवायचा, जोडीला काही महिने गोळ्या देते. पूर्ण बरं होईल असं नाही म्हणणार मी. त्रास कमी व्हावा.”

“म्हंजे मी पंप चुकीचा ओढत नव्हती?”

“नाही. तुमचं काही चुकलं नाही.”

साधनानं डोळे पुसले. “घरी गेल्यावर मायले मी सांगतो सारं.”

“नाई. मी सांगतो,” दीपमाला म्हणाली.

घरी येताच पायरीवर बसूनच तिनं सांगितलं, “माय, पंप मी बराबरच ओढत होती. आत जंतू हायेत. साधनाचा दमा येगळा, माहा येगळा.”

केशरबाई उठली. आत जाऊन तिनं सुनेसाठी पाणी तापत ठेवलं.

गोळ्यांनी दीपमालाचे दम्याचे झटके कमी झाले, थांबले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर दोघी बाजारातून परतत होत्या. स्टँडवर जीप सुटायला आली होती. साधना पळत जाऊन दारात उभी राहिली.

“या ना व बाई लवकर! पळा!” ड्रायव्हर ओरडला.

पळत गेलेल्या जावेला पाहून दीपमालाला पुन्हा हेवा वाटलाच. तिनं पदर खोचला. वाटेत एकदा थांबली, दम घेतला, आणि गाडीभर लोक पाहत असताना आपल्याच चालीनं जीपपर्यंत गेली.