कणकेवरचा ठसा

"दीपाली, त्या सायकलच्या हँडलचं रबर बसवून घे गं. उघडी नळी बरी नाय," आनंदीकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या.

आनंदीकाकूंची चिकूवाडी आमच्या चिंचणीच्या घराला लागूनच आहे, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांच्याकडे एक सूचना तयार असते. मी हसले. म्हटलं, "काकू, ते रबर घामानं हात निसटू नये म्हणून असतं. मेघूला कसला आलाय घाम?"

खरं तर सायकल या विषयावरच्या माझ्या भीतींमध्ये रबराला जागाच उरली नव्हती. तारापूर रस्त्यावरचे टँकर, बाजाराजवळची कुत्री, ओढणी चाकात अडकणं, उतारावर ब्रेक न लागणं हे सगळं मी आधीच डोक्यात घोळवून ठेवलं होतं. सायकल माझ्या नणंदेच्या मुलीची, वापरून झालेली. एका बाजूचं रबर आमच्याकडे यायच्या आधीच गळून गेलं होतं. माझी आठ वर्षांची मेघाली त्या उघड्या नळीला मुठीत धरून गल्लीत फेऱ्या मारायची आणि मी दारात उभी राहून तिला आणि रस्त्याला आळीपाळीनं बघायची.

माझ्या घाबरण्याला घरात एक नावच पडलं आहे: जांभूळ. गेल्या मे महिन्यात मेघूची जीभ निळी पडलेली दिसली, आणि मी तिला उचलून थेट बोईसरला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, मग मला पाहिलं आणि विचारलं, "जांभळं कुठली? वाडीतली की विकतची?" तेव्हापासून मी कपाळाला आठी घातली की माझे मिस्टर, शैलेश, लगेच विचारतात, "काय, जांभूळ?"

म्हणून त्या रविवारी सकाळी मेघू सायकल हातानं ढकलत आली, गुडघा सोललेला, हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे, तेव्हा मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"पडलीस?"

"थोडीशी."

"आणखी कुठे लागलं?"

"नाही ना! काय नाय झालं."

फार पटकन बोलली. मी ते टिपून ठेवलं.

सासरे ओटीवरून उठले. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून त्यांनी हँडल पिळून सरळ केलं. "पडल्याबिगर सायकल येत नाय," ते म्हणाले. "तुजा बापूस तर विहिरीच्या कठड्याला जाऊन धडकला व्हता." मेघू हसली. मी गुडघा धुतला, हळद लावली. शैलेश दुपारच्या पाळीला निघायच्या गडबडीत होते. डबा पिशवीत टाकता टाकता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली.

"मी काही बोलले का?" मी म्हटलं.

"बोलली नाहीस. पण चेहऱ्यावर अख्खं झाड आलंय."

दुपारी मेघू अर्धंच जेवली. मग आडवी झाली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आई, खांदा दुखतो."

डावा खांदा. मी झगा बाजूला करून पाहिलं. ना खरचटलेलं, ना सूज. दाबून पाहिलं, "इथे?" नाही. "इथे?" नाही. हात वर करायला लावला, गोल फिरवायला लावला; फिरला. पाणी प्यायला उठून बसली आणि म्हणाली, "आता नाही दुखत." परत आडवी झाली. "आता दुखतो."

हे मला फार विचित्र वाटलं. दुखरी जागा दाबली की जास्त दुखते, एवढं शरीरशास्त्र तर लहान मुलालाही येतं. इथे दाबलं तर काही नाही, आणि नुसतं झोपलं की दुखणं हजर. भीती होतीच, ती तर माझ्याकडे भाड्यानं राहिल्यासारखी असते. पण या वेळी तिच्या पुढे येऊन बसलं होतं ते नवल. असं कसं दुखतं? दुखणं तिथे आणि मार दुसरीकडे, असं असतं का?

चार वाजता मी तिला हातपाय धुवायला नेलं. घामेजलेला झगा डोक्यावरून काढला आणि मला तो दिसला.

डाव्या बरगडीच्या खाली एक गोल. रुपयाच्या नाण्याएवढा, पण आतून भरलेला नाही. बांगडीसारखी नुसती कडा, लालसर जांभळी. आणि त्या कडेला एका जागी बारीक खाच.

"हे काय गं?"

"दगड लागला असेल."

"इतका गोल दगड?"

ती साबणाकडे बघत राहिली.

मी तिला तशीच पंच्यात गुंडाळून सासऱ्यांपुढे नेली. माझे सासरे, बळवंत, डाय कोरतात. आमच्याकडे हा धंदा घराघरात होता, अजून बऱ्याच घरांत आहे. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी कोरायची. सोनार तिच्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि दागिन्याची कळी उठून येते. ते खिडकीपाशी बसले होते. डोळ्याचं भिंग त्यांनी मेघूच्या पोटाजवळ आणलं.

"आबा, गुदगुल्या होतात!"

"हलू नको. पोरीनं पोटावर डाय मारून आणलीय," ते म्हणाले. "दगड नाय हा. दगडाचा ठसा असा नसतो. ही घडवलेली वस्तू हाय."

"कसली?"

"ते तू शोध. तू शिकलेली ना?" आणि ते आपल्या कामाकडे वळले. गालात हसत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळायला घेतली, पण डोक्यात तो गोल फिरत होता. सासरे स्वतःचं काम तपासतात तेव्हा ठोकळ्याकडे बघत नाहीत. मेणाचा गोळा त्यावर दाबतात आणि उमटलेलं बघतात. "डाय काय बी सांगंल, ठसा खोटं बोलत नाय," हे वाक्य लग्न होऊन आल्यापासून मी ऐकत आले आहे. हातात कणीक होतीच. मी बाटलीचं झाकण दाबून पाहिलं: मोठं. तेलाच्या बुधलीचं बूच: भरीव. फुंकणी: फारच मोठी. मग ओटीवर टेकवलेल्या सायकलकडे नजर गेली.

गोळा घेऊन मी बाहेर आले आणि हँडलच्या उघड्या टोकावर दाबला.

"काय गं," कुंपणापलीकडून आवाज आला, "सायकलीला पोळ्या भरवतेस?"

"थांबा काकू, एक बघतेय."

गोळा काढला. त्यावर गोल कडा उमटली होती. आणि एका जागी खाच. मी नळीवरून बोट फिरवलं. पत्रा एका जागी आत दबला होता, आधीच्या कुठल्या तरी पडण्यात. तीच खाच.

आनंदीकाकू कुंपणाजवळ आल्या. त्यांनी गोळा पाहिला, नळी पाहिली, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नव्हतं का, असं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कुठं लागलं तिला?"

मी धावतच आत गेले आणि गोळा मेघूच्या पोटाशेजारी धरला. सासऱ्यांनी भिंग लावलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. "हीच," ते म्हणाले, "सापडली!" आणि क्षणभर आम्ही दोघं कोडं सुटल्यासारखे खूश झालो. खरंच खूश झालो. मेघू मात्र रडवेली झाली होती.

मग मला प्रश्न पडला. तो पडला नसता तर, असा विचार मी आता करत नाही.

"बाबा, एवढा साफ ठसा उठायला मार किती लागतो?"

"कणकेला काय, बोटानं उठतो. पत्र्याला..." त्यांनी हातोडीकडे पाहिलं आणि तिथेच थांबले.

"पत्रा फाटत नाही?"

"पत्रा पातळ असतो. तो वाकतो, नक्षी घेतो नि सुटतो. त्याच्या पाठी आमी शिसं ठेवतो. मार खातं ते शिसं. पार चेपून जातं."

आम्ही दोघं मेघूच्या पोटाकडे बघू लागलो. कातडी फाटली नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता. नुसती नक्षी. तिच्या पाठी काय आहे, ते कॉलेजात शिकलेलं मला एका दमात आठवेना.

"रिक्षा बोलव," सासरे म्हणाले.

"आणि जांभूळ निघालं तर?"

"निघालं तर खाऊ."

शैलेशना फोन लावला, पण कंपनीत फोन गेटवरच ठेवावे लागतात. तो नुसता वाजत राहिला. आनंदीकाकूंनी रिक्षा आणली आणि न विचारता पुढच्या सीटवर रिक्षावाल्याशेजारी बसल्या. "हळू चालव रे बाबा, खड्डे चुकव," हे बोईसरपर्यंत चालू होतं.

तेच डॉक्टर. मला पाहताच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "बोला, आज कोणतं फळ?"

मी गुडघा दाखवला नाही. पोट दाखवलं. त्यांनी दाबून पाहिलं. मेघूनं अंग आखडून घेतलं. "मुका मार दिसतोय," ते म्हणाले.

"सायकलच्या हँडलचं टोक आहे ते. रबर नसलेलं," मी म्हटलं. "आणि डॉक्टर, हिचा डावा खांदा दुखतो. खांद्याला लागलेलं नाही. दाबलं तर दुखत नाही. आडवी झाली की दुखतो."

त्यांचा हात तिथेच थांबला.

"खांद्याचं परत सांगा."

मी परत सांगितलं. ते उठून उभे राहिले. ओठांच्या कोपऱ्यातलं ते काहीतरी निघून गेलं होतं. नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मला न घाबरवता बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "सोनोग्राफी लगेच करायची. पालघरला कळवतो. तिला खायला-प्यायला काही देऊ नका. चालवू नका. उचलून न्या."

प्लीहा फाटली होती. स्प्लीन म्हणतात ती. डाव्या बरगडीच्या आड असते. चिरेतून रक्त हळूहळू पोटात झिरपत होतं. आडवं झालं की ते वर सरकून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागायचं, आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांबरोबरच मानेतून निघते, म्हणून दुखायचं खांद्यात. पालघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. माझी मुलगी आत नळ्या लावून पडली होती आणि मी त्या चित्राला प्रश्न विचारत होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही नर्स आहात का?" म्हटलं, "नाही, घाबरट आहे."

ऑपरेशन लागेल की नाही, हे रक्त थांबतं का यावर होतं. थांबावं म्हणून तिनं नुसतं निजून राहायचं. नाचरी पोर, कूससुद्धा बदलायची नाही. शैलेश कंपनीच्या कपड्यांतच आले. माझ्याशेजारी बसले आणि माझ्या हातातला तो कणकेचा गोळा, वाळून दगड झालेला, काढून स्वतःच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, रक्त वाढत नाहीये. तेव्हा कुठे मेघूनं तोंड उघडलं.

"आई, मी जोरात नव्हते चालवत. खरंच. थांबतच होते. चाक वळलं आणि हँडल पोटात घुसलं. श्वासच येईना."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

ती छताकडे बघत म्हणाली, "तू सायकल बंद केली असतीस."

केलीच असती. त्या दिवशी सकाळीच केली असती, आनंदानं.

ऑपरेशन लागलं नाही. मेघू घरी आली. डॉक्टरांनी होकार देईपर्यंत उडी नाही, धावणं नाही, सायकल नाही. आनंदीकाकू रोज चिकू घेऊन येतात आणि कशाबद्दलही सूचना करत नाहीत, त्यामुळे मलाच चुकल्या-चुकल्यासारखं होतं. सासऱ्यांनी हँडलच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या गुट्ट्या ठोकल्या, वर नवं जाड रबर चढवलं आणि सायकल ओटीवरच ठेवली, मेघूला पलंगावरून दिसेल अशी. तसं ठेवायला मीच सांगितलं.

आता मला सगळीकडे हँडलंच दिसतात. शाळेबाहेर, बाजारात, कंपनीच्या गेटवर रांगेनं उभ्या सायकली. टायरची हवा बघतात, चेन बघतात. टोकाकडे कोण बघतं? सवयच लागली आहे मला, चालता चालता नळ्या न्याहाळायची. लोक विचारतात, काही हरवलंय का?

आणि काल संध्याकाळी समुद्राकडच्या वळणावर एक मुलगी माझ्यासमोर पडली. मेघूएवढीच असेल, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, एका चपलेचा पट्टा तुटलेला. हळू चालवत होती, वाळूत चाक वळलं आणि ती हँडलवर ओणवी झाली. क्षणभर तशीच राहिली, तोंड उघडं, आवाज नाही. मी पोचेपर्यंत उठली, फ्रॉक झटकला. मी नाव विचारलं, घर विचारलं. "काय नाय झालं, काय नाय झालं," म्हणत ती तारापूरच्या दिशेनं निघूनही गेली. तिच्या हँडलला एका बाजूला रबर नव्हतं. सकाळपासून मी त्या रस्त्यावर तिला विचारत फिरते आहे.

ती तुमची असेल, तुमच्या शेजारची असेल, तर आत्ता जाऊन तिला बघा. आधी सांगा की सायकल कोणी काढून घेणार नाही. मग झगा वर करून पोट बघा आणि विचारा, आडवी झालीस की खांदा दुखतो का.