वाघाला शुगर झाली

भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी कोणाला ठाऊक नाही? पण यशोधराच्या कार्टूनमधल्या वाघाला शुगर झाली होती, आणि तूप-लाडू खाऊन गुटगुटीत झालेली म्हातारी त्याला डॉक्टरनं सक्त मना केली होती. तीन मिनिटांचं कार्टून. त्यासाठी कागदाचे तुकडे कापून, एकेक सरकवून, मोबाईलवर दोन हजार फोटो काढले होते. सबंध मे महिना कांचघर मोहल्ल्यातल्या घराच्या वरच्या खोलीत तिनं पंखा बंद ठेवून काढला, कारण पंखा लावला की वाघ उडून जायचा.

म्हातारीचा आवाज कलावती आजीचा होता. काय झापलं होतं आजीनं वाघाला!

रविवारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ते दाखवायचं होतं. लक्ष्मणराव आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, फॅक्टरीतले दोन जुने मित्र घेऊन पहिल्या रांगेत बसले. "नातीनं बनवलं," ते सांगत होते, "सगळं घरातलंच हाय त्याच्यात."

घरातलंच. दुसऱ्या मिनिटाला वाघ गच्चीवरच्या मोडक्या कूलरमधून खोवा जलेबीचा पुडा काढून खातो. तो कूलर त्यांच्याच गच्चीवरचा होता. आणि पुडा आजोबांचा, आजीपासून लपवलेला, जो दर शुक्रवारी गोरखपूर बाजारातल्या ट्यूशनवरून येताना यशोधराच आणून द्यायची. आजोबांना शुगर होती. कार्टून बनवताना तिला ते इतकं मजेदार वाटलं, की आवाज देणारी आजी ते बघणारही आहे, हे डोक्यातच आलं नाही.

तिनं लॅपटॉप चालवणाऱ्या अश्वजीतदादाला गाठलं. "दादा, मधले वीस सेकंद उडवता येतील?"

"आता? काहून?"

"असंच."

"असंच कोणी उडवते का? जा, बस."

ती बसली नाही. लॅपटॉपजवळ उभी राहून ओढणीचं टोक पिळत राहिली. दिवे मालवले. म्हातारी भोपळ्यातून घरंगळली, हॉल हसला. आजोबा सगळ्यात मोठ्यानं हसले. वाघ जिना चढू लागला. कूलर आला. यशोधरानं पटकन बटण दाबलं आणि वाघ एक पाय वर करून जागीच थिजला.

"अरे, क्या हुआ?" मागून कोणी ओरडलं.

आजोबांनी पडद्यावरच्या कूलरकडे पाहिलं. मग वळून यशोधराकडे. त्यांना कळलं. तिला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत.

"लाव बेटा," ते म्हणाले. "लोक थांबून राहिले."

तिनं लावलं. वाघानं पुडा काढला, जलेबी खाल्ली, मिशा पुसल्या. हॉल हसून लोळला. पहिल्याच रांगेतली आजी हसली नाही. तिनं फक्त मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

घरी जाताना ऑटोत आजी दोघांच्या मध्ये बसली.

"कधीपासून चालू हाय हे?"

"मीच आणून देत होते, आजी," यशोधरा म्हणाली. "माझी चूक आहे."

"तुले नाही विचारलं. वाघाले विचारून राहिली मी."

"दिवाळीपासून," आजोबा बाहेर बघत म्हणाले. "शुक्रवारी फक्त."

"उद्या सकाळी रक्त तपासायले जायचं. उपाशीपोटी."

"अच्छा."

ऑटो खड्ड्यातून उसळला. यशोधराला आजीच्या पलीकडे बघायचा धीर होईना. आता शुक्रवार संपले, आणि ते तिनंच संपवले होते.

"यशू," आजोबांचा आवाज आला.

"जी?"

"शेवटी पाटी आली. म्हातारीचा आवाज, कलावती. मोठ्या अक्षरात." ते आजीच्या पुढून वाकले. "वाघाचं काम कोणी केलं, ते काहून नाही लिहिलं?"

आजीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.